अव्वल सर आणि सोळा वर्षांच्या लिंका

व्यापारी मंडळाच्या वरच्या हॉलमध्ये त्या दिवशी चाळीस-पन्नास माणसं हातात फोन घेऊन उभी होती. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण बसायला कोणाला सुचत नव्हतं. चष्मेवाला फोन डोळ्यांजवळ नेऊन बघत होता, बूटवाला लांब धरून. दोन शिंपी, ज्यांचं वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलणं नव्हतं, ते एकमेकांना आपापला फोन दाखवत होते.

"आलो! पहिल्या नंबरवर आलो!" चष्मेवाला ओरडला.

"मीही पहिला!" एक शिंपी म्हणाला.

"अरे, मीही पहिलाच!" दुसरा शिंपी म्हणाला.

एकाच रस्त्यावरचे दोन शिंपी एकाच वेळी पहिले कसे, हा प्रश्न तेव्हा कोणालाच पडला नाही. खरं सांगायचं तर मलाही पडला नाही.

व्यासपीठावर अव्वल सर उभे होते. त्यांचं खरं नाव कोणाला माहीत नव्हतं. इंटरनेटवर सर्च केलं की कुठलंही दुकान ते पहिल्या नंबरवर आणून देतात, म्हणून लोक त्यांना अव्वल सर म्हणत. बाजारातल्या किल्लीवाल्याचं दुकान त्यांनी आधीच असं वर आणलं होतं, ते सगळ्यांनी बघितलं होतं. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. माझी लाँड्री आहे, त्यामुळे माझी नजर माणसाच्या आधी कपड्यावर जाते. त्यांच्या उजव्या बाहीच्या टोकाला ग्रीसचा डाग होता आणि त्यावर खडूची पावडर चोळून तो झाकला होता. अशी पावडर कोरड्या हवेत दिवसभर टिकते. वाफ लागली की डाग जसाच्या तसा वर येतो.

"मित्रहो," सर म्हणाले, "लिंक म्हणजे काय? एका साइटने दुसऱ्या साइटकडे दाखवलेलं बोट! आता मला सांगा, कालच्या पोराने बोट दाखवलं तर कोणी बघतं का?"

"नाही!" हॉल म्हणाला.

"आणि आजोबांनी दाखवलं तर?"

"सगळं घर बघतं!"

"मग मी काय करतो? मी तुमच्यासाठी आजोबा आणतो!"

टाळ्या पडल्या. सरांनी हिरवा दिवा लुकलुकणारी एक काळी डबी वर धरली. "हिच्यात बारा वर्षांच्या, पंधरा वर्षांच्या, वीस वर्षांच्या लिंका आहेत. झोपलेल्या. मी त्यांना जागं करतो. लिंकचं वय म्हणजे लिंकची तपश्चर्या!" मग एकेक जण पुढे जायचा, सर त्याचा फोन डबीला टेकवायचे आणि डोळे मिटायचे.

पुढचे नियम सोपे होते, बाकीचे आठवडाभर पाळत होते तेच. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी आपल्याच फोनवर आपला धंदा सर्च करायचा. आपली साइट सापडेपर्यंत खाली जात राहायचं. सापडली की उघडायची, दोन मिनिटं वाचायची. असं अकरा वेळा. एकवीस दिवस.

"आणि एक लक्षात ठेवा. दुसऱ्याच्या फोनवर बघायचं नाही. शक्ती वाटली जाते."

"सर, बायकोच्या फोनवर चालेल का?" बूटवाल्याने विचारलं.

"बायको तुमची, पण फोन कोणाचा?"

"तिचा."

"मग नाही चालणार!"

सगळे हसले. मीही हसलो. चौदा महिन्यांत पहिल्यांदा चारचौघांत हसलो असेन.

चौदा महिन्यांपूर्वी माझी बायको गेली. लाँड्री आम्ही दोघं चालवायचो. मी धुलाई आणि इस्त्री बघायचो, डाग ती काढायची. कोणी डागाळलेला कपडा घेऊन आलं की तिचे दोन प्रश्न ठरलेले असत. डाग कधीचा आहे? आणि त्यावर आधी काय काय लावलंत? उत्तर मिळाल्याशिवाय ती कपड्याला हात लावत नसे. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली डाग कधी बघायची नाही. कपडा घेऊन सरळ दारात जायची, उजेडात.

गुरुवारी आमची सुट्टी. त्या दिवशी ती वाचनालयात जाऊन तिथल्या कॉम्प्युटरवर लिहीत बसे. शाईचा डाग, गंजाचा, रक्ताचा, चहाचा, मेणाचा. एकेका डागाचं एकेक पान. सोळा वर्षांत दोनशे बारा पानं झाली. साइटवर खाली लोक प्रश्न विचारत, ती उत्तरं देई. हॉस्पिटलच्या नर्सताईंच्या साइटने तिच्या रक्ताच्या पानाची लिंक दिली, एका शाळेने शाईच्या पानाची, जुनी वस्त्रं जपणाऱ्या एका संग्रहालयाने गंजाच्या पानाची. तिने कोणालाच विनंती केली नव्हती. लिंक आली की ती वहीत तारीख लिहायची आणि मला म्हणायची, "अहो, आज एका घराने आपल्याला ओळख दिली."

ती गेल्यावर साइट तशीच राहिली. मला त्यातलं काही येत नव्हतं. रक्ताचा डाग कसा काढावा असं सर्च केलं की पूर्वी तिचं पान सगळ्यात वर यायचं. ते हळूहळू खाली गेलं, पुढच्या पानावर, मग त्याच्याही पुढच्या. मी रोज बघत होतो. माणूस एकदा गेलेलं सहन करता येतं असं लोक म्हणतात. मी तिला रोज थोडी थोडी जाताना बघत होतो.

माझ्या मेव्हण्याचं, तिच्या धाकट्या भावाचं, हार्डवेअरचं दुकान आहे. हॉलमध्ये मला तोच घेऊन गेला होता. कार्यक्रम संपल्यावर त्याने मला सरांसमोर उभं केलं.

"सर, हे माझे दाजी. ताईच्या साइटबद्दल बोललो होतो ना, ते."

सरांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "सोळा वर्षं! एवढी तपश्चर्या त्या माउलीने केली, आणि आज ती साइट अशी पडून आहे? मला बघवत नाही हो. मी स्वतः जागी करीन. एक पैसा नको."

"मग काय हवं?" मी विचारलं.

"काही नाही. फक्त पासवर्ड. एकविसाव्या दिवशी, सगळ्यांसमोर. तोवर तुम्ही सकाळचा नियम पाळा."

फुकट म्हटल्यावर माझे कान टवकारले. लाँड्रीत पस्तीस वर्षं उभा असलेला माणूस फुकट म्हणणाऱ्याचे खिसे आधी तपासतो. तरी मी नियम धरला. मनात म्हटलं, आपलं काय जातंय.

रोज सकाळी शटर वर करण्याआधी मी इस्त्रीच्या टेबलाशी बसायचो, रक्ताचा डाग असं लिहायचो आणि तिचं पान सापडेपर्यंत खाली खाली जायचो. सापडलं की उघडायचो. अकरा वेळा. दोन मिनिटं वाचायला सांगितलं होतं, मी दहा मिनिटं वाचायचो. 'गरम पाणी लावू नका, घाई करू नका,' असं तिने लिहिलंय. वाचताना तिचाच आवाज कानात यायचा.

चौथ्या दिवशी तिचं पान थोडं वर आलं. आठव्या दिवशी आणखी वर. बाराव्या दिवशी ते पहिल्या नंबरवर होतं.

मी टेबलावर डोकं ठेवून रडलो. मेव्हण्याला फोन केला. तो म्हणाला, "बघा दाजी! मी सांगत नव्हतो? ताई परत आली!"

त्यानंतर दोन दिवसांनी एक बाई दुकानात आल्या. हातात चादर, तिच्यावर रक्ताचे डाग. त्यांच्या वडिलांची शस्त्रक्रिया झाली होती.

"सगळं करून बघितलं हो. फोनवर शोधलं, त्यात लिहिल्याप्रमाणे गरम पाण्यात टाकली. डाग आणखीच पक्का झाला."

"गरम पाण्यात? अहो, पहिल्याच नंबरच्या साइटवर लिहिलंय, गरम पाणी लावू नका म्हणून."

"पहिल्या नंबरवर? तिथे तर कुठल्याशा पावडरची जाहिरात होती."

"शक्यच नाही. बघू जरा तुमचा फोन?"

त्यांनी सर्च केलं. बायकोचं पान पहिल्या नंबरवर नव्हतं. दुसऱ्या, पाचव्या, दहाव्या नंबरवरही नव्हतं. शेवटी तिसऱ्या पानावर तळाशी सापडलं. मी माझा फोन काढला, तेच शब्द लिहिले. पहिला नंबर. दोन्ही फोन घेऊन मी दारात गेलो, उजेडात. जणू फोनवरच डाग होता.

"काका, फोन परत देता का?" बाई म्हणाल्या. त्या चोर असल्यासारखा मी त्यांच्याकडे बघत होतो.

दुपारी दुकान बंद करून वाचनालयात गेलो. तिथल्या ग्रंथपालबाई बायकोच्या मैत्रीण. त्यांच्यावरही तेव्हा माझा विश्वास नव्हता. चौदा दिवस ज्याला चमत्कार मानलं, तो कोणी मोडू नये असं वाटत होतं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आमचे कॉम्प्युटर रोज संध्याकाळी सगळं विसरतात. काल कोणी काय शोधलं, काय उघडलं, आज त्यांना काही आठवत नाही. यावर बघा."

तिथेही तिसरं पान.

"मग माझ्या फोनवर पहिली कशी?"

"भाऊजी, तुम्ही रोज अकरा वेळा तेच शोधलंत, तेच उघडलंत. फोनला वाटलं, या माणसाला हीच साइट हवी असते. त्याने ती तुमच्यासाठी वर आणून ठेवली. फक्त तुमच्यासाठी."

तिला वर आणणारा मीच होतो. आणि तिला तिथे बघणाराही मी एकटाच होतो.

बाईंनी मला पाणी दिलं. मग मी विचारलं, "पण तो किल्लीवाला? तो खरंच वर गेला होता. माझ्या गिऱ्हाइकांनीही बघितलं होतं."

"हो, मीही बघितलं होतं. दोन महिने वर होता. आज शोधा."

शोधलं. किल्लीवाला कुठेच नव्हता. पाच पानं उलटली तरी नाही.

बाईंनी मग एक संग्रह उघडला. इंटरनेटवरची पानं पूर्वी कशी दिसत होती, ते तिथे तारखेनुसार साठवलेलं असतं. किल्लीवाल्याला लिंक देणारी एक साइट त्यांनी काढली. तीन वर्षांपूर्वी ती पोहणाऱ्यांच्या एका क्लबची होती. ओल्या केसांची माणसं रांगेत उभी राहून हसत होती. पुढे क्लब बंद पडला, साइटच्या नावाची मुदत संपली, कोणी नूतनीकरण केलं नाही. ते नाव दुसऱ्याच कोणीतरी घेतलं. आता त्याच पत्त्यावर किल्ल्या होत्या, बूट होते, नकली दात होते. दुसरी साइट एका डॉक्टरांची. डॉक्टर वारले होते. त्यांच्या नावाखाली आता चष्मे विकले जात होते.

"हे त्याचे आजोबा," बाई म्हणाल्या. "मेलेल्यांचे पत्ते घ्यायचे आणि त्यांचं बोट आपल्याला हवं तिकडे वळवायचं."

"म्हणजे लिंकच्या वयाचं सगळं खोटंच?"

"तेवढं खोटं नाही, म्हणून तर लोक फसतात. वयाला काही किंमत असू शकते. किती, ते सर्चवाले कोणालाच सांगत नाहीत, आणि सांगता येतं म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही. पण नुसतं वय कशाला बघतील? लिंक कधी आली, किती दिवस टिकली, मधे पानाचा विषय बदलला का, मालक बदलला का, एका रात्रीत पाचशे लिंका कुठून उगवल्या, हेही बघत असतील. तुम्ही सांगा ना, तुम्ही कपडा कसा बघता?"

"डाग कधीचा, आणि आधी काय काय लावलंय," मी म्हणालो.

"तेच."

मग मीच बोललो. "नर्सताईंनी लिंक दिली ती तिच्या रक्ताच्या पानाला. सोळा वर्षं काढली नाही, कारण ते पान उपयोगी पडत होतं. त्या लिंकेत शक्ती कसली? ती साक्ष आहे."

"आणि ती साक्ष अव्वल सरांना हवीय. उद्या नर्सताईंच्या साइटवरून कोणी रक्ताचा डाग शोधत आलं की समोर काय असेल?"

"नकली दात," मी म्हणालो.

एकविसाव्या दिवशी हॉल खचाखच भरला होता. ग्रंथपालबाई शेवटच्या रांगेत बसल्या. सरांनी माझं नाव पुकारलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"एका पतीचं प्रेम बघा! आज ते आपल्या पत्नीची सोळा वर्षांची तपश्चर्या माझ्या हाती सोपवत आहेत."

"सोपवतो," मी म्हणालो. "त्याआधी एक छोटंसं काम. सगळ्यांनी आपला फोन शेजाऱ्याला द्या."

"नको!" सर एकदम म्हणाले. "शक्ती वाटली जाईल!"

"वाटली जाऊ दे की सर. एकवीस दिवसांची आहे. एक मिनिट तरी टिकेल."

पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं. मी दोन्ही शिंप्यांकडे बघितलं. "तुम्ही दोघं पहिले ना? मग एकमेकांच्या फोनवर बघा."

त्यांनी कुरकुरत फोन बदलले. पहिला शिंपी बराच वेळ बोट फिरवत राहिला. त्याचा चेहरा उतरला.

"इथे हाच पहिला आहे. मी नाहीच!"

"माझ्या हातातल्या यात तू पहिला, मी नाही!" दुसरा म्हणाला.

मग हॉलभर फोन इकडून तिकडे फिरू लागले. चष्मेवाला बूटवाल्याच्या फोनवर स्वतःला शोधत होता आणि त्याला बूटच बूट दिसत होते. "अरे, मी गेलो कुठे?" तो ओरडला. कोणीतरी म्हणालं, "चष्मा लाव!" आणि हशा पिकला. बूटवाल्याने बायकोला फोन लावला. तिने तिच्या फोनवर शोधून सांगितलं ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण त्याचे कान लाल झालेले दिसले.

"नियम मोडला!" सर ओरडत होते. "मी सांगितलं होतं! आता मी जबाबदार नाही!"

"दिव्याखाली साफ आणि दारात नेलं की डाग, असा कपडा मी गिऱ्हाइकाला देत नाही," मी म्हणालो आणि फोनची सवय सगळ्यांना समजावून सांगितली. बाईंनी उठून त्या पोहणाऱ्यांचा फोटो आणि त्याच पत्त्यावरचे आजचे दात, दोन्ही पडद्यावर शेजारी शेजारी लावले. किल्लीवाल्याने मान खाली घातली. त्याला आपलं दुकान गायब झालेलं पंधरा दिवस ठाऊक होतं. लाजेने बोलला नव्हता.

सरांनी डबी बॅगेत कोंबली. गर्दीत गरम झालं होतं, त्यांच्या कपाळावर आणि मनगटांवर घाम होता. जाताना ते माझ्या जवळून गेले तेव्हा मी त्यांच्या बाहीकडे बघितलं. पावडर ओली होऊन उतरली होती. डाग स्पष्ट दिसत होता.

जिन्यात मेव्हण्याने मला गाठलं.

"दाजी, मला एक सांगायचंय."

"ठाऊक आहे. ताईची साइट मिळवून दिलीस तर तो सर तुझं दुकान कायमचं वर ठेवणार होता ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"माझ्या कामासाठी तू एकवीस दिवस रोज फोन करतोस, तेव्हाच शंका आली. ताई असताना वर्षातून दोनदा करायचास."

तो रडायला लागला. "मला खरंच वाटलं होतं दाजी, ती वर येईल. माझंही होईल आणि तिचंही होईल."

त्याच्यावर मी रागावणार होतो. पण चौदा दिवस मी स्वतःच फसलो होतो, तेही तिच्याकरता. कोणत्या तोंडाने रागावू?

पुढच्या गुरुवारी मी वाचनालयात गेलो आणि तिच्या खुर्चीवर बसलो. बाईंनी साइट उघडून दिली. पासवर्ड तिच्या वहीत पहिल्याच पानावर होता. खाली लोकांचे प्रश्न साठले होते. चौदा महिन्यांचे, एकशे सदतीस. सगळ्यात नवा दोन दिवसांपूर्वीचा होता, हॉस्पिटलच्या नर्सताईंच्या लिंकेवरून आलेल्या कोणाचा: 'रक्ताचा डाग आहे, गरम पाण्यात टाकला गेला. आता काही होईल का?'

म्हणजे मी एकटाच बघत नव्हतो.

साइट वर येईल की नाही, मला माहीत नाही. त्यासाठी कोणतीही डबी नाही, आणि आहे म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. कोणी जुन्या वयाचा, मोठ्या नावाचा, चमत्काराचा दाखला दिला तर रागावू नका, हात जोडू नका. एवढंच विचारा, हे कधीचं आहे आणि मधे काय काय झालं? मग ते दुसऱ्याच्या फोनवर, दुसऱ्याच्या डोळ्यांनी, उजेडात बघा. खरं असेल तर तिथेही तसंच दिसेल.

मला टाइप करायला वेळ लागतो. दोन बोटांनी मी पहिलं उत्तर लिहिलं.

'काळजी करू नका. आधी मला सांगा, डाग कधीचा आहे? आणि त्यावर आतापर्यंत काय काय लावलंत?'